वजन किती, यापेक्षा वजन का बदलले ते विचारा

मार्च २०२५ मध्ये ‘मुंजारो’ आणि जून २०२५ मध्ये ‘वेगोवी’ ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारताच्या बाजारात आली. ‘वेगोवी’तल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. मुदत संपली की देशी कंपन्यांना तेच औषध बनवायला मोकळीक मिळते आणि किमती उतरतात. म्हणजे काल जी गोष्ट बड्या शहरांतल्या महागड्या दवाखान्यांत होती, ती तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोहोचणार. तिच्यासोबत ‘तीन महिन्यांत बारीक व्हा’ ही हाकही आपल्या वस्त्यांत येणार.

दुसरी बातमी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातली आहे. २०२३ या एका वर्षात देशात १,७१,४१८ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात १३,८९२ विद्यार्थी होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला, २२,६८७ मृत्यूंसह. मरणाऱ्यांत दर चौघांमागे एकाहून जास्त माणूस रोजंदारीवर जगणारा होता.

पहिली बातमी जीवनशैलीच्या पानावर छापली जाते, दुसरी गुन्ह्यांच्या. आम्ही त्या शेजारी ठेवत आहोत, कारण शरीराचे वजन आणि जगण्याची उमेद यांचा संबंध आहे. तो आपण समजतो तसा मात्र नाही. जाड माणूस दुःखी, बारीक झाला की सुखी, असा सरधोपट समज आहे. गेल्या वीस वर्षांतले संशोधन वेगळे बोलते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : धोका काट्यावरच्या आकड्यात कमी आणि तो आकडा ज्या कारणाने हलला त्या कारणात जास्त असतो. म्हणून वजन बदललेल्या तरुणाला टाळी किंवा टोमणा देण्याआधी कारण विचारले पाहिजे. हे काम डॉक्टरांच्या आधी मित्रांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे.

तेरा लाख तरुणांच्या नोंदी

स्वीडनमध्ये लष्करी सेवेसाठी अठराव्या वर्षाच्या सुमारास तरुणांची तपासणी होत असे. अशा सुमारे १३ लाख पुरुषांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या मापाला बीएमआय म्हणतात. हा बीएमआय पाच अंकांनी जास्त असला की पुढच्या आयुष्यात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. याचा अर्थ, हडकुळ्या तरुणांत धोका जास्त होता. इतर देशांतल्या मोठ्या अभ्यासांतही असाच कल दिसला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात असे आढळले की लठ्ठ व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा ५५ टक्क्यांनी अधिक असते. नैराश्य असलेली व्यक्ती पुढे लठ्ठ होण्याची शक्यताही ५८ टक्क्यांनी अधिक असते. म्हणजे लठ्ठपणा आणि नैराश्य एकमेकांना ओढून आणतात, पण आत्महत्येने होणारे मृत्यू मात्र जास्त वजनाच्या गटात कमी दिसतात.

या कोड्याच्या उत्तरावर तज्ज्ञांचे एकमत नाही. कुणी इन्सुलिन आणि मेंदूतल्या सेरोटोनिनकडे बोट दाखवतात. कुणी म्हणतात की गंभीर मानसिक आजार, व्यसन आणि गरिबी माणसाला आधी वाळवतात आणि मग मारतात, त्यामुळे बारीकपणा हे कारण नसून खूण असते. यातून ‘जाड राहा, सुरक्षित राहा’ असा अर्थ कुणी काढू नये. मधुमेह आणि हृदयविकार आपल्या वस्त्यांतही आहेत. स्वीडनच्या सरासरीवरून नांदेडच्या एका मुलाचे काय होईल, हे सांगता येत नाही. एवढे मात्र ठरते, की ‘बारीक म्हणजे बरा’ हे गणित चुकीचे आहे.

तोंड बोलत नाही, कपडे बोलतात

मानसोपचारात नैराश्याचे निदान करताना काही ठरलेल्या गोष्टी पाहतात : सततची उदासी, कशातच रस न वाटणे, झोप बिघडणे, थकवा, स्वतःविषयी तुच्छता, लक्ष न लागणे, मरणाचे विचार. त्याच यादीत भूक आणि वजनही आहे. डाएट न करता एका महिन्यात वजनात पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर तो लक्षणांत धरतात. साठ किलोच्या माणसाला तीन किलो. इथे वजन घटणे जितके महत्त्वाचे, तितकेच वाढणेही. काहींचे दुःख ताट बाजूला सारते. काहींचे दुःख रात्री बाराला फरसाणाची पिशवी संपवते.

आपल्याकडची मुले, विशेषतः घरातली शिकणारी पहिली पिढी, ‘मला बरं वाटत नाही’ असे सहसा बोलत नाही. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकायला पाठवलेले असते. अशा वेळी तोंडाने जे निघत नाही ते शरीर दाखवते. पॅन्टला नवे भोक पाडलेला पट्टा, बसलेले गाल, किंवा सहा महिन्यांत अंगाला न होणारे शर्ट. सोबत राहणाऱ्यांना हे डॉक्टरच्या आधी दिसते.

एक सावधगिरी हवी. घटणारे वजन म्हणजे नेहमी मनाचाच आजार, असे नाही. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, पोटाचे विकार यांतही वजन उतरते. आपल्या वस्त्यांत तर क्षयाची तपासणी आधी व्हायला हवी. पण क्षयाच्या रुग्णाला नैराश्यही येऊ शकते. शरीर तपासायचे आणि मनाचेही विचारायचे, यांत एकच निवडायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. ‘लग्नाचं वय झालं, जरा बारीक हो’ हे वाक्य किती घरांत रोज ऐकू येते, हे मोजायला सर्वेक्षण नको. त्यातून काही मुली जेवण टाळू लागतात आणि उपवासाच्या नावाखाली ते खपून जाते. अन्नाचीच भीती बसण्याचा ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हा आजार मानसिक आजारांत सर्वांत घातक आजारांपैकी एक आहे. २०११ च्या एका आढाव्यानुसार, या आजारात मरणाऱ्या पाच जणांपैकी एकाचा मृत्यू आत्महत्येने होतो. तो मुलांनाही होतो, हे लक्षात राहू द्या.

टाळ्या थांबल्यानंतर

वजन ठरवून उतरवले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवले, तर? बहुतेकांचे भलेच होते. पण इथेही दोन अभ्यास थांबून वाचावेत असे आहेत.

अमेरिकेतल्या युटा राज्यात जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ७,९२५ जणांची तुलना तशाच वजनाच्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच लोकांशी केली गेली. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. मधुमेह आणि हृदयविकाराचे मृत्यू खूप घटले होते. मात्र अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या मृत्यूंचे प्रमाण ५८ टक्क्यांनी जास्त होते.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ८,८१५ रुग्णांची शस्त्रक्रियेआधीची तीन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे ताडून पाहिली गेली. स्वतःला इजा केल्यामुळे तातडीच्या विभागात यावे लागण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाले. यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातल्या होत्या. त्या रुग्णांपैकी बहुतेकांना आधीपासून मानसिक त्रास होता.

पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरते, नातेवाईक कौतुक करतात, जुने-नवे फोटो शेजारी लावले जातात. मग कौतुक आटते. नोकरी, नाते, एकटेपणा, कर्ज, जातीचा चटका हे सारे जागच्या जागी असते. ‘वजन उतरले की सगळे ठीक होईल’ असे वाटले होते, तसे झालेले नसते. शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते आणि काही औषधे अंगात शोषली जाण्याची पद्धत बदलते. म्हणून शस्त्रक्रियेआधी मनाची तपासणी आणि नंतर किमान दोन-तीन वर्षे पाठपुरावा लागतो. दुकान मांडून बसलेले दवाखाने हा दुसरा भाग सांगायला विसरतात.

इंजेक्शनांबाबत भीती नको, भाबडेपणाही नको

वजनाच्या औषधांनी मनावर घाला घातल्याचा एक इतिहास आहे. रिमोनाबँट नावाच्या गोळीला युरोपात २००६ मध्ये परवानगी मिळाली. भूक मारणारी ही गोळी मेंदूतल्या ज्या जागी काम करत होती, तिथेच मनाच्या उभारीचाही संबंध होता. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी आल्या आणि ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपीय नियामकाने तिची विक्री थांबवायला सांगितले. अमेरिकेने तिला परवानगी दिलीच नव्हती. भारतात तिच्यावर बंदी डिसेंबर २००९ मध्ये आली, म्हणजे युरोपनंतर वर्षभराने.

आजची इंजेक्शने वेगळ्या पद्धतीने काम करतात. आइसलँडमधून आलेल्या काही नोंदींनंतर युरोपीय नियामकाने जुलै २०२३ मध्ये त्यांची चौकशी सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष दिला, की या औषधांमुळे आत्महत्येचे विचार येतात असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसत नाही. अमेरिकेच्या नियामकानेही जानेवारी २०२४ मध्ये प्राथमिक पाहणीनंतर तसेच सांगितले. त्यामुळे मधुमेहासाठी हे इंजेक्शन घेणाऱ्या आईला घाबरवून ते बंद करायला लावणे हा गुन्हाच ठरेल.

पण एक तपशील जाहिरातीत येणार नाही. सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मुख्य चाचण्यांत, ज्यांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा ज्यांना गंभीर मानसिक आजार होता, अशा लोकांना घेतलेलेच नव्हते. मेडिकलच्या काउंटरवर मात्र अशी गाळणी नसते. चिठ्ठीशिवाय, ओळखीतून, जिमच्या ट्रेनरच्या सांगण्यावरून औषध घेतले, तर ‘पूर्वी कधी मनाचा त्रास झाला होता का?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. धोका तिथे आहे.

गोळ्यांनी अंग सुटले म्हणून

याच्या उलट दिशेचा धोका आपल्या ओळखीचा, पण न बोललेला. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढते. ओलॅन्झापिन आणि मिर्टाझापिन यांची नावे डॉक्टरांना चांगली ठाऊक आहेत. मुलगा महिन्या-दोन महिन्यांत सावरतो, पण पाच-सात किलोंनी वाढतो. मित्र म्हणतात, ‘काय रे, मजेत दिसतोस.’ बहीण म्हणते, ‘गोळ्यांनी फुगलास.’ मग एक दिवस तो कुणालाही न सांगता गोळ्या बंद करतो. आजार पुन्हा डोके वर काढतो आणि या वेळी मदत मागायची हिंमत आणखी कमी झालेली असते.

औषध मनाने बंद करण्याऐवजी ‘वजन वाढतंय, दुसरं काही देता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, वजनासाठी वेगळे उपाय जोडता येतात. सरकारी ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न विचारायला धीर लागतो. सोबत एक कार्यकर्ता असेल, तर तो धीर येतो.

मेस बंद, शिष्यवृत्ती थकलेली

आतापर्यंत आम्ही आजारांविषयी बोललो. पण काही वजन आजाराने उतरत नाही, ते पैसे नसल्याने उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १८.७ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते आणि २४ टक्के स्त्रियांचे जास्त होते. पुरुषांत हेच आकडे १६.२ आणि २२.९ टक्के. एकाच देशात एक बाजू उपाशी आणि दुसरी बाजू इंजेक्शनच्या शोधात.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची वर्षाची रक्कम ६०,००० रुपये ठरली. त्यातले जेवणासाठी ३२,०००. वर्षाच्या दिवसांनी भागले तर रोजचे ८८ रुपये होतात. या पैशात पुण्यात दोन वेळचे जेवण कसे बसवायचे, हे गणित ज्याने केले आहे त्याला समजावून सांगायला नको. आणि ही रक्कमही वेळेवर खात्यात आली तर. हप्ता लांबला की पहिली काटछाट पुस्तकांत होत नाही, नाश्त्यात होते.

रोहित वेमुलाच्या जानेवारी २०१६ मधल्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता. कोणत्याही मृत्यूला एकच कारण नसते आणि त्या मृत्यूमागे विद्यापीठातला जातीय अन्याय उभा होता, हे आपण विसरलेलो नाही. पण फेलोशिप थकणे ही केवळ कार्यालयीन दिरंगाई नसते. ती ताटापर्यंत, तिथून अंगापर्यंत आणि तिथून मनापर्यंत जाते. म्हणून शिष्यवृत्ती वेळेवर मागणे हा आत्महत्या रोखण्याचाच एक कार्यक्रम आहे, असे आम्ही मानतो.

उरुवेला आणि श्रावस्ती

शरीर झिजवण्याला थोरपण चिकटवण्याची सवय जुनी आहे. उरुवेलेच्या वनात सिद्धार्थांनी अन्न इतके तोडले की देहाचा सापळा झाला. त्या काळात पाच परिव्राजक त्यांच्यासोबत होते आणि झिजणाऱ्या देहाविषयी त्यांना आदर होता. सिद्धार्थांनी सुजाताची खीर स्वीकारली, तेव्हा हे पाचही जण त्यांना सोडून गेले. माणूस मरणाच्या वाटेवर असताना ते सोबत राहिले आणि तो जगण्याकडे वळला तेव्हा पाठ फिरवली. बारीक होणाऱ्याचे कौतुक आणि दोन घास जास्त खाणाऱ्याला टोमणा, ही आजची रीतही त्याच जातकुळीची. सिद्धार्थांनी मात्र कौतुक गमावले आणि मध्यम मार्ग धरला.

दुसरा प्रसंग कोसलचा राजा पसेनदी याचा. तो भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही. प्रमाणात खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला नेमले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला आणि अंग हलके झाले. यात उपाशी मारणे नाही, लाज काढणे नाही. रोज सोबत असणारा एक माणूस आहे. वजन उतरवायचेच असेल तर ते असे उतरवावे. मनाचे ओझे उतरवायलाही तसाच एक सुदस्सन लागतो.

कार्यकर्त्यांसाठी पाच कामे

एक. शरीरावरचे शेरे बंद करा, कौतुकाचे सुद्धा. अभ्यासिकेत, विहारात, मोर्चाच्या तयारीत ‘बारीक झालास’, ‘जाड झालीस’ या वाक्यांऐवजी ‘जेवण होतंय का नीट? झोप लागते का?’ असे विचारा. बदल दिसला तर बाजूला घेऊन बोला, चारचौघांत नको.

दोन. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मोकळे व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नका, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदतीपर्यंत न्या. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर आणि अभ्यासिकेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तीन. पोलिसांची भीती घालवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्यासाठी तिला शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी घेणे, उपचार आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. खटल्याच्या भीतीने घरात दडवलेला प्रयत्न दुसऱ्या प्रयत्नाला वाट करून देतो.

चार. संस्थांना जाब विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे. कोचिंग क्लास आणि वसतिगृहेही या सूचनांच्या कक्षेत आहेत. वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे आहे. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण, तो कधी भेटतो, हे लेखी विचारा. उत्तर नसेल तर निवेदन द्या.

पाच. मेसचा हिशेब ठेवा. वसतिगृहातला कोण किती दिवस जेवायला आला नाही, हे मेसवाल्याला ठाऊक असते. सलग तीन-चार दिवस कुणी दिसला नाही तर त्याच्या खोलीचे दार वाजवायची पद्धत पाडा. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला असेल त्या महिन्यात जेवणासाठी एक सामूहिक डबा किंवा छोटा निधी उभा करा. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा यासाठी राखून ठेवला, तर बाबासाहेबांच्या नावाने याहून चांगला खर्च कोणता?

इंजेक्शने येतील, जाहिराती येतील, काट्यावरचे आकडे खाली-वर होतील. आपल्या वसतिगृहात, अभ्यासिकेत, वस्तीत अशी किती मुले-मुली आहेत ज्यांचे कपडे गेल्या सहा महिन्यांत सैल किंवा घट्ट झाले आणि कुणी काही विचारले नाही, हे मोजायला काटा लागत नाही. या रविवारच्या वंदनेनंतर त्यांतल्या एकाशी बोला.